पेरूची ओटी

पेरूच्या फांदीची ओली साल सोलली की एक वास सुटतो. पिकल्या पेरूचा नव्हे, तो सगळ्यांच्याच ओळखीचा असतो. हा तुरट, हिरवा, दात आंबवणारा वास. परवा सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होते, पाऊस नुकताच थांबला होता आणि तो वास खालून वर आला. पाहिलं तर शेजारच्या बंगल्यातले काका स्टुलावर चढून पेरूला गुटी बांधत होते. फांदीची बोटभर साल गोल काढलेली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं, त्याच्याभोवती ओलं शेवाळ आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी. मला पाहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कॉलेजात हेच शिकवता ना? सांगा बरं, या पट्टीत मुळं फुटतील का?" मी म्हणाले, "फुटतील की." मग आत आले आणि बेसिनवर साबण लावून हात धुतले. माझ्या हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

श्रावण आला की गुटीचे दिवस येतात आणि मला आठ वर्षांपूर्वीचा एक पावसाळा आठवायला लागतो. आठवायला लागतो म्हणणंही खोटंच. तो कुठं गेलेलाच नाही. एरवी तास, डबा, पेपरांचे गठ्ठे यांच्याखाली दबून असतो इतकंच. त्या पावसाळ्यात आमच्या घरात एक चूक झाली. आई-आण्णांनी ती मायेनं केली आणि मी उघड्या डोळ्यांनी होऊ दिली. या दोघांत जास्त वाईट कोण, हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी ते कधी कुणाला विचारायला गेले नाही.

आमचं घर कर्जत तालुक्यात, गावापासून सुटं, वस्तीवर. तिकडं पाणी हा वापरण्यापेक्षा बोलण्याचा विषय. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि आलेला हंडा तीनदा पुरवायचा. पण न्हाणीमागचा पेरू मात्र ऐटीत जगला. चौघांच्या आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं सगळं पाणी त्याच्या बुडाशी जायचं. तो कुणी लावला हे कुणालाच माहीत नव्हतं. आण्णा म्हणायचे, पाखरानं लावला. आतून गुलाबी, बी मऊ, आणि गोडीच्या तळाशी किंचित आंबटपणा. ती ओल वाया कशाला घालवायची म्हणून आई त्याच्या आळ्याभोवती वांगी आणि टोमॅटो लावायची. रोपं आठवडे बाजारातून आणलेली, मुळाशी चिखलाचा गोळा असलेली.

आण्णांना गुट्यांचा नाद होता. कुणी पेरूची नुसती तारीफ केली तरी त्याच्या नावानं एका फांदीला पट्टी बांधली जायची. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसायला लागली की फांदी खालून कापायची आणि माती-शेणखत भरलेल्या पिशवीत लावायची. एवढं झालं की आण्णा आईला हाक मारायचे. आई हात धुऊन, पदर खोचून यायची, मूळ झाडाच्या बुडातली एक मूठ माती उचलायची आणि प्रत्येक पिशवीत घालायची. ही आमच्या घरची रीत. "लेक सासरी निघाली की वटी भरत्यात का न्हाई?" आई म्हणायची. "तशी ही रोपाची वटी. आईच्या पायाची माती संगं असली की परक्या रानात ते बुजत न्हाई." त्या मुठीशिवाय एकही पिशवी आमच्या दारातून बाहेर पडली नाही. लहानपणी मला ही रीत फार आवडायची. रोप नव्या जागी बुजतं, ही कल्पनाच मला गोड वाटायची.

त्या वर्षी ताईच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिला दिलं ते राहात्याकडं, कॅनॉलच्या पाण्याच्या मुलखात. तिथं पाटाला पाणी वाहताना बघून ताई पहिल्या दिवशी नुसती उभी राहिली होती म्हणे. घर चांगलं, माणसं चांगली, पण ती धाकटी सून. थोरल्या दोघी जावांचा त्या घरात जम बसलेला. एकीच्या हाताशिवाय भाकरी होत नव्हती, दुसरीच्या शब्दाशिवाय बाजार. ताईचं म्हणून तिथं काहीच नव्हतं. अशात तिचे सासरे, तात्या, पंचमीच्या आधी तिला माहेरी सोडायला आले आणि न्हाणीमागचा पेरू खाऊन तिथंच दगडावर बसले. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग आण्णांना म्हणाले, "व्याही, ही जात आमच्या रानात आणा. विहिरीजवळचा तुकडा मोकळा हाय. सुनंदाची बाग म्हनू त्याला." ताई दारात उभी होती. सासऱ्यांसमोर हसायचं नाही म्हणून ती आत गेली, पण चुलीपुढं बसून तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

खुणा तेव्हाच दिसत होत्या. आता पाठ शिकवल्यासारख्या एकेक सांगता येतात. आळ्यातली वांगी त्या वर्षी गुडघ्याच्या वर गेलीच नाहीत. दुपारी माना टाकायची, संध्याकाळी उचलायची, पाणी असूनही. पेरूच्या जुन्या पानांवर तांबूस झाक आली होती, भर पावसात. आम्हाला ती सुंदर वाटली. आणि फळ! तसं फळ त्या झाडाला कधीच लागलं नव्हतं. फांदी फांदी वाकलेली, पण पेरू लहान, टणक, लवकर पिवळे पडणारे. आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचे. शेजारच्या वस्तीवरच्या शेवंताबाईनं एकटीनं कौतुक केलं नाही. पाटी खाली ठेवून तिनं झाडाकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "लई लागलाय बाई. येवढं लागल्यालं झाड बघितलं की मला भ्याव वाटतं." आई त्यावर दोन दिवस धुसफुसत होती. बाईची नजर लागेल म्हणून तिनं झाडावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पंचमीला आलेली ताई त्या वर्षी महिनाभर राहिली. मीही नगरहून कॉलेज बुडवून आले. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, पण सव्वाशे गुट्या बांधायच्या म्हणजे घरचंच कार्य. आण्णा साल काढायचे, ताई शेवाळ पिळून दाबायची, मी पट्टी गुंडाळून सुतळीनं दोन्ही टोकं आवळायची. पावसाची भुरभुर, पायाखाली न्हाणीचा चिखल, आणि तो तुरट वास केसांत, पदरात, ताटातल्या भातात. आमची बोटं तपकिरी झाली होती. ताई दिवसभर बोलत होती. बागेला कुंपण कसलं घालायचं, पहिला पेरू कुणाला द्यायचा, थोरल्या जावेला किती आणि मधलीला किती. तिला इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी काम संपवून मागं वळून पाहिलं की झाड ओळखू यायचं नाही. अंगभर पट्ट्या बांधलेलं आजारी माणूस उभं असावं तसं ते दिसायचं. मी तसं म्हणाले, तर ताईनं पाठीत धपाटा घातला.

गुट्यांना मुळं फुटली, फुटायलाच हवी होती. पट्टीतल्या मुळाचा दोष काहीच नव्हता. ती स्वच्छ, पांढरी, हवेत वाढलेली मुळं होती. पोळ्यानंतर महिन्याभरानं आण्णांनी फांद्या कापल्या, पिशव्या भरल्या आणि आईनं सव्वाशे मुठी माती घातली. एक दिवस पुरला नाही, दोन लागले. तिची कंबर धरली होती. मी म्हणाले, मी घालते, तर म्हणाली, "वटी आईनंच भरायची असती." पिशव्या दिवाळीपर्यंत छपराच्या सावलीत राहिल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी राहात्याहून टेम्पो आला. दिवाळीला परत आलेली ताई सासरी निघाली होती, नवी साडी, पदर खोचून स्वतः पिशव्या देत होती. देता देता एक पिशवी खालून फाटली. मी ती बाजूला घेतली, माती सावरायला गेले आणि मुळं दिसली. त्यांना गाठी होत्या. लहान लहान, फुगीर, बाजरीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंत. मी बोटानं माती पुसली. प्रत्येक मुळाला होत्या.

मला कळलं. पुढं कधीतरी कळलं, असं म्हणायची सोय मला नाही. सहामाहीसाठी मी हेच पाठ केलं होतं. डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी मातीतून मुळात शिरतात, तिथं गाठी होतात, झाड दोन-चार वर्षं उभं राहतं आणि मग बसतं. एकदा रानात गेले की ते निघत नाहीत. वांग्या-टोमॅटोच्या रोपांबरोबर येतात आणि मूठभर मातीबरोबरही पुढं जातात. मी आण्णांना हाक मारली. त्यांनी मुळं पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, भुईमूग उपटला की मुळाला गाठी दिसत्यात का न्हाई? जितक्या गाठी तितकं पीक जोमात. रोप खुशीत हाय."

"पण आण्णा, ते भुईमुगाचं. पेरूला..."

"आता झाडाचं बापाला शिकवनार व्हय तू?" ते हसले. रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित मी भांडले असते.

टेम्पोवरून ताईनं हाक मारली, "काय झालं गं?" तिचा चेहरा घामानं भिजला होता आणि त्यावर इतका आनंद होता की तसा मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी म्हणाले, "काही न्हाई, पिशवी फाटली." मग सुतळी आणून मी ती पिशवी घट्ट बांधली आणि तिच्या हातात दिली.

पुढच्या पावसाळ्यात न्हाणीमागचा पेरू गेला. पंधरा दिवसांत गेला. आधी एक फांदी, मग सगळंच, आणि पानं गळली नाहीत, तशीच वाळून फांदीवर राहिली, वारा आला की खुळखुळायची. आण्णांनी बुंधा खणून काढला तेव्हा मुळं आल्याच्या गड्ड्यांसारखी वेडीवाकडी सुजलेली होती. आई रडली. आण्णा म्हणाले, "म्हातारं झालं हुतं. पर वंश ऱ्हायला की ताईकडं." मी तेव्हाही गप्प राहिले. गप्प बसणं पहिल्या वेळी जड जातं, नंतर सवय होते.

ताईची बाग पहिली तीन वर्षं अशी वाढली की माझं शिक्षण खोटं ठरतंय की काय, असं वाटायला लागलं. मला ते खोटं ठरायला हवं होतं. पहिल्या फळाची टोपली आली, त्यावर झेंडूचं फूल ठेवलेलं. वस्तीवरची माणसं "सुनंदाचा पेरू" मागायला यायला लागली. थोरली जाऊ पाहुण्यांना बाग दाखवायला नेऊ लागली, ही बातमी ताईनं मला फोनवर दोनदा सांगितली. मग चौथ्या वर्षी बांधाकडची एक ओळ तांबूस पडली. ताई म्हणाली, "पानांना काय सुरेख रंग आलाय." मी विषय बदलून दाजींची चौकशी केली.

ओळीमागून ओळ गेली. मेलेली झाडं उपटली तेव्हा तिथंही मुळं सुजलेली निघाली, आणि तात्यांनी आपल्या परीनं निदान केलं. "पानी पिऊन फुगलीत." बागेला दारं धरायचं, पाणी सोडायचं काम ताईचं होतं. तात्या वाईट माणूस नाही, पण तोंडाचा फटकळ. चार माणसांत बोलून गेले, "दुष्काळातली पोर. पानी दिसलं की सोडतच सुटली. बुडवली बाग." ते वाक्य त्या घरात राहिलं. जावांना चिडवायला झालं, दाजींना भांडणात वापरायला झालं. ताईनं मला फोनवर विचारलं होतं, "जास्त पान्यानं मुळं फुगत्यात का गं? तू शिकलीस ना ते?" मी म्हणाले, "बघावं लागेल." चार वर्षं झाली त्याला. या चार वर्षांत मी दर सत्रात फळ्यावर गाठाळलेल्या मुळाचं चित्र काढलं, बाण दाखवून नावं दिली, मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझी आकृती चांगली येते, असं सगळे म्हणतात.

मी इतकी वर्षं स्वतःची समजूत अशी घातली होती, की जे व्हायचं ते होऊन गेलं. सांगून झाडं थोडीच उठणार? उलट आण्णांना लागेल, आईला लागेल. काकांची गुटी पाहिली त्याच दिवशी ताईचा फोन आला नसता, तर ही समजूत अजून काही वर्षं चालली असती. "तुझ्या गच्चीसाठी दोन रोपं ठिवल्यात," ताई म्हणाली. "मागच्या साली भरलेली. विहिरीकडची आठ झाडं ऱ्हायलीत ना, त्यांच्या गुट्या. आईवानी मूठ बी घातलीया बुडाची."

मी विचारलं, "ताई, आणखी कुणाला दिल्यास?"

"आता किती सांगू? मागतील त्यांना देते. तेवढंच एक ऱ्हायलंय माझ्या हातात, लोक नाव काढत्यात."

मी रविवारी पहिली एसटी पकडली. ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आला होता, आभाळ भरून होतं आणि पडत नव्हतं. ताई बागेतच होती. बाग म्हणायची ती सवयीनं. मोकळ्या वाफ्यांत पाण्याच्या नळ्या तशाच पडलेल्या, मध्ये गवत, आणि विहिरीच्या कडेला आठ झाडं, त्यांतल्या तिघांची शेंड्याकडची पानं तांबूस. ताईनं मला पाण्याचा कॉक दाखवला. तिनं त्याला हात लावायचा कधीच सोडला होता. "तुझे दाजी फिरवत्यात," ती म्हणाली. "मला आता हातच धजत न्हाई."

मी तिथंच तिला सांगितलं. गाठी, फाटलेली पिशवी, आण्णांचा भुईमूग, माझी सुतळी. आईच्या मुठीचंही सांगितलं. मी वाट बघत होते की ती ओरडेल, मला ढकलेल, रडेल तरी. तिनं फक्त विचारलं, "म्हंजी पान्यानं न्हाई?"

"न्हाई. पान्यानं न्हाई."

"माझ्या हातानं न्हाई."

"न्हाई ताई."

ती खाली बसली. पण हात मांडीवर ठेवले, मातीला लावले नाहीत. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, मला ते इतक्या जवळून पहिल्यांदा दिसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती बोटं दुमडत काहीतरी मोजायला लागली होती. "कमलवहिनी तीन. पाटाकडचे दोघं भाऊ, धा-धा. शाळेच्या बाई येक. थोरलीच्या म्हायेराला कोपरगावला वीस गेलीत, त्यांनी तर पुढं वाटली असत्याल. मंदिरामागं लावलीत तात्यांनी." बोटं संपली तशी तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिची माझ्याकडं पाहायची तयारी नव्हती, किंवा वेळ नव्हता. "समद्यांस्नी मी मूठ घालून दिलीया गं," ती म्हणाली. मग उठून तिनं चपला घातल्या.

"चल."

"कुठं?"

"घरोघर. अजून भाजीपाला लावत असत्याल त्याच मातीत."

कमलवहिनींचं घर बांधापलीकडंच. अंगणात ताईनं दिलेल्या तीन रोपांची डोक्याएवढी झाडं झाली होती, हिरवीगार, पहिल्यांदाच लागलेली, आणि फळ इतकं की एका फांदीला बांबूचा टेकू दिलेला. दोन्ही बाजूंना कोवळी वांगी ओळीनं लावलेली. वहिनी आम्हाला पाहून लगबगीनं आल्या. "या, या! धाकटी बहीन ना ही? सुनंदाच्या हाताला काय गुन हाय बघा, किती लागलाय!" असं म्हणत त्यांनी पेरू तोडला, पदराला पुसला, विळीवर चिरला आणि तिखट-मीठ लावून फोडी ताटलीत घालून माझ्यापुढं केल्या. आतून गुलाबी. तात्या असेच दगडावर बसून खात होते, आण्णा असेच कौतुकानं बघत होते. वहिनींचा चेहरा आनंदानं फुलला होता आणि माझा हात, आठ वर्षांच्या सवयीनं, आपोआप ताटलीकडं गेला.

ताईनं माझं मनगट धरलं.

"खाऊ नको," ती म्हणाली. "आधी सांग."